सासऱ्यावर गेलेली सून

"चहात साखर जरा कमी झालीय," एवढंच मास्तरांचा मेहुणा म्हणाला होता. आता कपाच्या ठिकऱ्या भिंतीपाशी पडल्या होत्या आणि चहाचा ओघळ कॅलेंडरवरून खाली उतरत होता.

"मग घे ना हातानं घालून! मी काय सगळ्यांची नोकर आहे?" त्याची बहीण किंचाळली आणि दुसऱ्याच क्षणी ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. मग उठली. खिडकीशी गेली. परत आली. बॅगेत नीट ठेवलेले कपडे बाहेर काढून पुन्हा त्यांच्या घड्या घालू लागली. सकाळपासून हेच चाललं होतं.

ती बॅग कायमचं माहेरी जाण्यासाठी भरली जात होती. तिला न्यायला आलेल्या या भावानं तसं फोनवरच सांगून टाकलं होतं. एक घाव, दोन तुकडे. बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे इंग्रजीच्या मास्तरांना, ते मुळीच कबूल नव्हतं. ती रात्ररात्र येरझारा घालते, शेजारणीशी कडाकडा भांडते, कप फोडते. फोडू दे! कप बाजारात मिळतात. ती नसलेलं घर ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

"दादा, ती वाईट नाहीये हो," मास्तर अजिजीनं म्हणाले. "तिचा स्वभावच तसा आहे. इंग्रजीत त्याला फार सुंदर शब्द आहे. मर्क्युरियल."

झालं! एकदा शब्द निघाला की मास्तरांना राहवायचं नाही. घराला आग लागली असती, तरी त्यांनी आधी 'आग' शब्दाचं मूळ सांगितलं असतं आणि मग बादली शोधली असती.

"रोमन लोकांचा एक देव होता, मर्क्युरी. पायांना पंख. घडीत इथे, घडीत तिथे. आकाशातला सगळ्यात चपळ ग्रह, आपला बुध, त्याला त्याचं नाव दिलं. मग पाऱ्यालाही तेच, कारण पाराही एका जागी ठरत नाही. आणि ज्याचं मन असं घटकेत हसतं, घटकेत पेटतं, तो मर्क्युरियल. ही शिवी नाही, दादा. आमचे बाबाही तसेच."

बाबांच्या नाकावरचा राग सगळ्या गल्लीला पाठ होता. ते डॉक्टरांची रक्तदाब मोजायची यंत्रं आणि थर्मामीटर दुरुस्त करायचे. बाजारातलं दुकान सोडावं लागलं तेव्हा सगळं सामान घरी तळमजल्यावर आलं. पुढे त्यांना बारीक काम दिसेनासं झालं, तशी सून मदतीला बसू लागली. धूळ पडू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, पारा गाळायचा, नळीत भरायचा, सांडला तर केरसुणीनं गोळा करायचा. हात पटकन बसला तिचा. आणि वर्ष सरलं नाही तोच ती सासऱ्याच्या वरताण चिडकी झाली. शेजारीण म्हणायची, "पोरगी बापावर जाते हे ऐकलं होतं, सून सासऱ्यावर गेलेली इथेच बघितली! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." मास्तरही हसायचे.

"ते देवबिव राहू द्या, भाऊजी," मेहुणा आता चिडला. "आमच्याकडे हिला सगळे थंडोबा म्हणायचे. अंगावर छप्पर पडलं तरी कूस बदलायची नाही. मागच्या वर्षी आईच्या आजारपणात दोन-तीन महिने राहिली. आठवडे गेले तशी निवळत गेली. शेवटी शेवटी तर जेवून आडवी झाली की घोरायची. इथे परत आली आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या! हा तुमचा देव आमच्याच घरचा पत्ता कसा काय विसरतो?"

मास्तर खाली बसून कपाच्या ठिकऱ्या वेचू लागले.

"मला कळतं रे सगळं, दादा," ती म्हणाली. "पण आतून सारखं कुणीतरी ढकलत असतं. थांबताच येत नाही."

जिन्यावर पावलं वाजली. "काय आरडाओरडा लावलाय? काम करू देणार आहात की नाही?" म्हणत बाबा दारात आले. मग त्यांना बॅग दिसली आणि ते सुनेजवळ गेले.

"निघालीस, सूनबाई?"

त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. तो थरथरत होता. म्हातारपण, दुसरं काय, असं सगळे म्हणायचे. सुनेनं तो हात धरला. तिचा हातही तसाच थरथरत होता. ती अजून पस्तिशीचीही नव्हती.

मास्तर त्या दोन हातांकडे बघत राहिले. मागच्याच महिन्यात शाळेच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला, तेव्हा शास्त्राच्या बाईंनी सगळा वर्ग बाहेर काढला होता. खिडक्या सताड उघडल्या होत्या. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण ती विषारी असते, थेट मेंदूत जाते, असं त्या ओरडून सांगत होत्या. मास्तरांनी त्यांची थट्टा केली होती. "बाई, आमच्या घरी बरणीभर आहे! बाबांचा जन्म गेला त्यात. त्यांना काय झालं?"

काय झालं ते समोर उभं होतं. देवापासून ग्रहापर्यंत आणि ग्रहापासून धातूपर्यंत मास्तरांनी त्या शब्दाचा माग शंभरदा काढला होता. एक जिना उतरून तळमजल्यापर्यंत मात्र ते कधी पोचले नव्हते. स्वभाव, स्वभाव म्हणून इतके दिवस विषाचं कौतुक केलं!

ते धडपडत उठले. बाहेर पडलेले कपडे त्यांनी स्वतःच भराभर बॅगेत कोंबले, चेन ओढली आणि बॅग मेहुण्याच्या हातात दिली. मेहुणा बघतच राहिला. सकाळपासून हा माणूस त्याला बॅगेला हात लावू देत नव्हता.

"न्या, दादा. आत्ताच्या आत्ता न्या हिला," मास्तर म्हणाले. "आणि बाबांनाही घेऊन जा."