वाढदिवसाचं गाणं

शारजातल्या चर्चमध्ये मुलांच्या कोरसचा सराव रंगला होता आणि ख्रिस्ती भजनांच्या नामवंत गायिका एस्तेरबाई हातातले टाळ कुठे वाजवावेत हेच न कळून उभ्या होत्या. सात वर्षांच्या अनुग्रहला, एकुलत्या मुलाला, माती देऊन आल्यावर त्यांनी रचलेलं, आयुष्यभर संथ लयीत गायलेलं गाणं ही मुलं टाळ्या पिटत, उड्या मारत म्हणत होती. “असं कुणी शिकवलं गं?” त्यांनी विचारलं. “माझ्या नानांच्या, आजोबांच्या कॅसेटनं, आंटी,” कोरसमधली मिहिका म्हणाली. “त्यांचा टेप फास्ट पळायचा. इट्स अवर बर्थडे साँग! चुकतंय का?” खरं सांगून हे हसरे चेहरे उतरवायचे? “नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा म्हणा. उद्या माझ्या मुलाचा वाढदिवस आहे.” “यल्ला, चला!” मिहिका ओरडली. “किती वर्षांचा होणार, आंटी?” एस्तेरबाईंनी टाळ उचलले, पण सात सांगावं की एकेचाळीस, त्यांना ठरवता येईना.