हॉलमधला एकच खिळा

"हॉलमध्ये एक खिळा आहे, तेवढ्यावर भागवा. भिंतीला नवं भोक पाडायचं नाही," घरमालकांनी किल्ली देतानाच बजावलं होतं. तो खिळा कुमुदताईंनी मनातल्या मनात यजमानांच्या फोटोसाठी राखून ठेवला. सकाळचा चहा त्यांच्यासमोर बसून घ्यायचा, एवढंच तर मागणं होतं!

फोटो पुसायला फडकं शोधताना सामानाच्या शेवटच्या खोक्यात, अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली दुसरी तसबीर हाताला लागली. सुनेचे वडील. दोनच महिन्यांपूर्वी गेले होते बिचारे.

"वृषाली, अगं वडिलांना असं खोक्यात ठेवलंयस?"

सून ओशाळली. "खिळा एकच आहे ना, आई. बाबांचा मान पहिला. अप्पा राहतील आत."

कुमुदताईंचा जीव क्षणभर घुटमळला. यजमानांचा फोटो त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. मग म्हणाल्या, "स्टूल आण. अप्पांना लाव वर."

"आणि बाबा?"

कुमुदताईंनी यजमानांना त्याच खिळ्याखाली, बसक्या टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवलं. पदरानं काच पुसली.

"हे जन्मभर कीर्तनाला गेले. पण पुढची जागा कधी धरून ठेवली नाही हो. कुणी नवा माणूस आला की हाताला धरून त्याला पुढं बसवायचे आणि स्वतः मागं असे भिंतीला टेकायचे. आज काय वेगळं वागणार आहेत होय? चढ बघू स्टुलावर!"