आठवी टाचणी

हॅल्वरने नकाशावर टाचणी टोचली आणि तो मागे सरकला.

"मोठं होतं," तो म्हणाला. "तपकिरी. ओढ्याच्या वरच्या अंगाला उभं होतं. मग झाडीत गेलं."

एवढंच बोलून तो सत्तरीचा उंच, वाकलेला माणूस टोपी हातात घेऊन आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. हॉलमधल्या साठ-सत्तर जणांपैकी कुणीही त्याला काही विचारलं नाही. बिगफूट पाहिलेल्यांचा हा मेळावा दरवर्षी भरवणाऱ्या डेल्बर्टने फक्त जाहीर केलं, की उद्या सकाळी आठला सगळ्यांनी तिकडेच निघायचं.

मेळाव्याला पहिल्यांदाच आलेल्या रोवेनाला हे चमत्कारिक वाटलं. तासाभरापूर्वी ती बोलायला उभी राहिली, तेव्हा याच लोकांनी तिला भंडावून सोडलं होतं. तिने पाहिलेला बिगफूट, म्हणजे दोन पायांवर चालणारा तो केसाळ रानमाणूस, किती उंच होता, हात गुडघ्यापर्यंत पोचत होते का, वारा कुठून होता, वास आला का. तिला त्याचा राग आला नव्हता. उलट बरं वाटलं होतं. तीस वर्षं तिने जंगलखात्यात हरणांची मोजदाद केली होती. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडे जे दिसलं, ते तिने ऑफिसात सांगितलं, आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तिला केसाळ माकडाचं बाहुलं भेट दिलं. सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिने तो विषय कुणाकडे काढला नाही.

इथे पहिल्यांदाच कुणीतरी तिचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं होतं. जेवण वाढताना बर्निस नावाची एक म्हातारी तिला म्हणाली, "माझा नवरा चाळीस वर्षं सोफ्यावर पडून सांगतोय, की तो काम करतो. त्याच्यावर माझा अजून विश्वास बसला नाही. तुझ्यावर बसला."

जेवण झाल्यावर रोवेना नकाशापाशी गेली. हॅल्वरच्या टाचण्या हिरव्या होत्या, प्रत्येकीशेजारी साल लिहिलेलं. आठ वर्षं, आठ टाचण्या. पहिली पुलाजवळ, दुसरी तिच्या थोडी वर, तिसरी आणखी वर. पेन्सिलीने आखलेला गेल्या वर्षीचा शोध जिथे थांबला होता, बरोबर तिथेच यंदाची टाचणी टोचलेली होती. एकही जागा दोनदा नाही, मधे एकही सुटलेली नाही.

जनावर असं फिरत नाही. शेत नांगरणारा माणूस असा फिरतो.

डेल्बर्ट कॉफीची किटली विसळत होता. रोवेना त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "तो माणूस खोटं बोलतोय."

"तुम्ही नवीन आहात," डेल्बर्ट म्हणाला.

"म्हणून तर माझ्या लक्षात आलं. आपल्यातला एक खोटा निघाला, की आपण सगळेच खोटे ठरतो. बाहेर लोक टपूनच बसलेत."

"ते खरं आहे."

"मग विचारा ना त्याला."

डेल्बर्टने किटली पालथी घातली, हात पुसले. "उद्या दुपारपर्यंत थांबा. आधी चालू या. मग वाटलं, तर सगळ्यांसमोर तुम्हीच विचारा."

ती थांबायला तयार झाली. विचारायचं मात्र तिने नक्की केलं.

सकाळी सगळे ओढ्याच्या काठी एका रांगेत उभे राहिले. दोन माणसांत हातभर अंतर. शिट्टी झाली, की सगळ्यांनी पाऊल टाकायचं, आणि नजर खाली. रोवेनाला नवल वाटलं. आठ फुटी प्राणी मान खाली घालून कोण शोधतं? पण लोक काठीने नेच्याची पानं उलटत होते, आडव्या पडलेल्या खोडांखाली गुडघे टेकून बघत होते. बर्निसने गुडघ्याला पट्टा बांधला होता, तरी ती एकही खोड सोडत नव्हती. रांगेच्या टोकाला हॅल्वर होता.

रोवेनाने मनाशी म्हटलं, बरोबरच आहे. केस, विष्ठा, हाडं, पुरावा जमिनीवरच पडलेला असतो. हॅल्वर खोटा असला तरी जंगल खोटं नव्हतं. रिमझिम थांबून सीडरच्या उंच झाडांच्या शेंड्यांतून ऊन उतरलं, आणि तिला कितीतरी दिवसांनी वाटलं, की आज काहीतरी मिळणार. विचारायचा प्रश्न तिने मनात दोनदा घोळवला होता. आता ती तो हळूहळू विसरत चालली.

अकराच्या सुमाराला बर्निसने शिट्टी वाजवली. तीनदा.

रोवेना धावतच पोचली. कुजलेल्या सीडरच्या बुंध्याखाली बर्निसने शेवाळाचा थर बाजूला केला होता. आत फिकट काहीतरी दिसत होतं. हाड. आयुष्यभर तिने या जंगलातल्या प्रत्येक जनावराची हाडं हाताळली होती. हे त्यांतलं नव्हतं. ती खाली बसली आणि तिने हात पुढे केला.

मग तिला बूट दिसला. घोट्यापर्यंतचा, कातड्याचा, लहान मापाचा. नाडीची दुहेरी गाठ तशीच होती. शेजारी अळंब्या गोळा करायच्या बादलीची तारेची कडी पडली होती.

रोवेनाने हात मागे घेतला.

कुणीही कॅमेरा काढला नाही. बर्निसने डोक्यावरची टोपी काढली. मग तिच्या शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. न सांगता ते रांगभर पसरत गेलं, आणि जो तो आपल्या जागी उभा राहिला. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

डेल्बर्टने बाहीने डोळे पुसले. तो रांगेच्या कडेकडेने टोकापर्यंत चालत गेला. हॅल्वर तिथे काहीही न विचारता उभा होता. डेल्बर्टने त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"हॅल्वरदादा," तो म्हणाला, "वहिनी सापडल्या."