मोठी सर्व्हिस

वडगाव निंबाळकरच्या घरापुढं आबा लेकीच्या गाडीखाली शिरले होते. आयुष्यभर फिटर म्हणून राबलेला माणूस, चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस घरीच करत होता. ब्रेक ऑइल बदलायचं चाललं होतं.

“मोने, ब्रेक दाब! आगं दाब म्हनलं, गुदगुल्या न्हाय करायच्या त्याला!”

पुण्याहून मुद्दाम आलेली मोना स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली.

“शोरूमवाले लुटत्यात नुसतं,” आबा काळ्या हातांनी चहा पीत म्हणाले. दोन चाकांचं काम झालं होतं, उरलेली दोन उद्या करायची होती.

पहाटे आबा झोपेतच गेले.

पंधराव्या दिवशी मोना स्वतः गाडीखाली शिरली. ब्रेक दाबायला आईला बसवलं.

“आई, दाब!”

आईनं पदर खोचून हॉर्नच दाबला. शेजारची कोंबडी उडाली. दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

“पैशे वाचवायला ह्या दुखवट्याच्या दिवसांत गाडीखाली शिरायचं व्हय गं? शोरूमवाल्यांना बोलवायचं की,” आई डोळे पुसत म्हणाली.

मोना गाडीखालूनच मोठ्यानं म्हणाली, “आबा, तुमाला कधी बोलले न्हाय. शोरूमची सर्व्हिस मला पाच वर्षं फुकटच हाय!”