पाहुण्यांची सलामी

निलेश सर माइकवर पाहुण्यांचा परिचय वाचत होते आणि त्यांची छाती अभिमानानं फुगली होती. आंदर मावळातल्या शाळेत परदेशी नट येणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. धरणाच्या काठी महिनाभर चाललेलं सिनेमाचं शूटिंग कालच संपलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जर्मन अभिनेते हासेलमान साहेब शाल पांघरून, मांडीवर सत्काराचा नारळ घेऊन हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले होते.

परिचय चांगला तीन पानी होता. हॅम्बुर्गची रंगभूमी, चाळीस वर्षं. मग सिनेमे, मग पुरस्कार. नावं उच्चारता येत नव्हती, पण सरांनी एकही सोडलं नाही. साहेबांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी आपलं नाव आलं की ते मान लववायचे. लोणावळ्याची दुभाषी अनिता अधूनमधून त्यांच्या कानाशी लागत होती.

"आता आमचे विद्यार्थी," सर म्हणाले, "साहेबांना त्यांच्याच देशाच्या पद्धतीनं मानवंदना देतील!"

हे सरांचं गुपित होतं. पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून आठवडाभर त्यांनी मुलांकडून घोटून घेतलं होतं. मोबाइलवर साहेबांच्याच एका सिनेमाचा तुकडा सापडला होता, त्यात बघून.

"सावधान! सलामी दे!"

टाचा खाडकन जुळल्या. बेचाळीस उजवे हात ताठ पुढे झाले, तळवे जमिनीकडं.

"वा रं पोरांनू! लय झ्याक!" शाळा समितीच्या नथू आबांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

साहेब उठून उभे राहिले. नारळ मांडीवरून गडगडत गेला, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं. अनिता धावत माइकपाशी आली.

"सर, काय केलंत हे? ही नाझींची सलामी आहे. लाखो माणसं मारली त्यांनी, लहान मुलंसुद्धा. यांच्या देशात असा हात केला तर गुन्हा दाखल होतो."

"पण साहेबांनीच तर सिनेमात..."

"सिनेमात ते त्या खुन्यांपैकी एक झाले होते, सर."

सरांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. नाझी हा शब्द त्यांनी दहावीला पाठ केला होता. त्यावरच्या प्रश्नाला चारपैकी चार मार्क पडले होते. त्यापुढं त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं. आणि आज बेचाळीस लेकरांना आपण हे शिकवून बसलो!

मुलं तशीच उभी होती. विश्राम म्हटल्याशिवाय हलायचं नाही, ही सरांची शिस्त.

"सायेब रागावलं का काय?" आबांनी घाबरून विचारलं.

साहेब हळू आवाजात बोलू लागले. नजर जमिनीवर होती, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी. अनिता सांगत गेली, "ते म्हणतात, मुलांना रागावू नका. चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजे केले, भिकारी केले, मुलगी गमावलेला बाप केला. त्यातलं इथवर काहीच पोचलं नाही. हे तेवढं पोचलं."

मग ते पहिल्या रांगेकडं गेले. पहिलीतल्या रेणुकासमोर कष्टानं गुडघ्यावर बसले. तिचा ताठ हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि अलगद खाली घेतला.

रेणुकानं सरांकडं पाहिलं आणि हात पुन्हा वर केला.

साहेबांनी तो परत खाली घेतला. तिनं परत वर केला.

"अगं, घे की खाली!" अनिता कळवळून म्हणाली.

"न्हाई," रेणुका म्हणाली, "सर अजून विश्राम म्हनलं न्हाईत."