ओली जमीन

बोईसरचं भाड्याचं घर सोडून वर्षाने हौसेने सरावलीला स्वतःचं घर घेतलं. पण आठवडा उलटायच्या आत भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी तिचं डोकं उठवलं. रोज दुपारी तीन वाजले की धप, धप, धप!

पहिल्या दिवशी आवाज स्वयंपाकघराकडून आला, मग मधल्या खोलीकडून. आज तर थेट पुढच्या दाराजवळ. वर्षा घराला कुलूप लावून तणतणत शेजारी गेली.

"मावशी, रोज काय कुटता हो?"

जिजामावशी चिकू निवडत बसली होती. "मी? मला वाटलं, तुम्हीच जमीन चोपताय."

"आमच्याकडे लादी आहे! ती कोण चोपेल?"

इतक्यात पलीकडून, वर्षाच्या बंद घरातून, आवाज आला. धप, धप.

मावशीने हातातला चिकू खाली ठेवला. "मातीची जमीन चोपणारी बाई अशीच येते. आतल्या कोपऱ्यापासून मागे मागे सरकत दाराशी. उंबऱ्याशी पोचली की काम संपलं, मग ती बाहेर पडते."

आवाज थांबला.

वर्षा धावत घरी आली. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं, तर आत कुणी नाही. पांढरी लादी लख्ख, कोरडी. "उगाच घाबरले," असं पुटपुटत तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

लादी मऊ लागली. पाचही बोटं आत रुतली.

आणि तिच्या मागे, अंगणातून, कुणीतरी दमलेल्या आवाजात ओरडलं, "अगं ए, ओली आहे जमीन!"