गाडीवाल्या बाईंचा क्लच

डोकं क्लचच्या पेडलखाली, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत मिस्त्रींनी ठरवून टाकलं की आज बाईंना सांगायचंच. पुढच्या आठवड्यापासून आपण इथे यायचं नाही.

ठरवायला ती जागा सोयीची होती. तिथून बाईंचा चेहरा दिसत नव्हता.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल. तरुणपणी तिने भल्याभल्यांना मागे टाकलं असणार. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण क्लच दाबला की पेडल आधी दोन बोटं नुसतंच खाली जायचं आणि मग कुठे कामाला लागायचं. पेडल आणि पुढचा दांडा जोडणारी पिन झिजली होती. ती ज्यात बसते तो पितळी बुश तर गोल राहिलाच नव्हता.

"नवा घालून किती दिवस झाले?" मिस्त्री आतून म्हणाले. "पितळ आहे की साबण? आणि ही पिन कुणीतरी पकडीने ओढलीय. दात उमटलेत बघा. असल्या माणसाच्या हातात पकड देऊच नये."

"असेल कुणीतरी वेंधळं," बाई म्हणाल्या. शेजारच्या सीटवर गुडघे टेकून त्या बॅटरीचा उजेड धरून होत्या. "डोकं जपा, वर पत्रा आहे."

मिस्त्रींचं डोकं पत्र्यावर आपटायच्याच बेतात होतं.

बाईंचं हे असंच. दहाचा पाना मागायच्या आधी हातात यायचा. मिस्त्रींनी जन्मभर गिऱ्हाइकं पाहिली होती. काही मानगुटीवर बसून अक्कल शिकवतात, काही चावी टाकून पसार होतात. या बाई गुमान बॅटरी धरायच्या आणि मनातलं अचूक ओळखायच्या. इथे काम करता करता मिस्त्री शीळ घालायला लागले होते. या वयात! घरी बायको असताना!

"ह्यांना गाडीचं फार वेड," बाई सांगू लागल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो ते हिच्यातूनच. ऐन चढावर क्लचची पिन निसटली. ह्यांनी माझ्या केसांतला आकडा काढून तिथे अडकवला आणि गाडी घरी आणली."

"केसांतला आकडा?" मिस्त्रींना हसू आलं. "जाणकार दिसतात."

"आहेतच."

मिस्त्रींना त्या माणसाचा थोडा रागच आला. बाईंचे यजमान कधी त्यांच्या नजरेस पडले नव्हते. अशी गाडी आणि अशी बायको सोडून हा गृहस्थ असतो तरी कुठे?

"आज घरी नाहीत वाटतं?"

"आहेत की. कामात आहेत."

मिस्त्रींनी पेडल सोडवून टेबलावर आणलं, लाकडी हातोडीने नवा बुश ठोकून बसवला, ग्रीस लावलं, नवी पिन घातली. हात अजून चोख चालत होते. जुना बुश बाईंनी उचलला आणि झग्याच्या खिशात टाकला.

"फेकून द्या हो तो."

"असू दे. लागतो."

कशाला लागतो, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी पेडल परत जागेवर चढवलं आणि सीटवर बसून क्लच दाबला. आता तो पहिल्या इंचापासून भरीव लागत होता. मग आणखी काही करायला उरलं नाही, म्हणून ते चिंधीने हात पुसत उभे राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले.

"बाई, पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री बघा."

बाईंनी बॅटरी बंद केली. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, माझं चुकतंय. मला इथे फार बरं वाटतं. काम संपलं तरी पाय निघत नाही. आणि बायको बिचारी घरी वाट बघत असते. तिला मी कधी फसवलं नाही. आता या वयात ते सुरू करायचं नाही मला."

बाईंचे डोळे भरून आले होते. एका भल्या बाईचं मन आपण दुखावलं, या विचाराने मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कशी आहे हो ती?" बाईंनी विचारलं.

"चिडकी आहे. चष्मा स्वतः कुठेतरी ठेवते आणि माझ्यावर डाफरते. पण ती घरात नसली की मला चहासुद्धा गोड लागत नाही." मिस्त्री घुटमळले. "हे तिला कधी बोललो नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"मग आज बोला."

"बोलतो. घरी पोचलो की पहिलं तेच."

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. 'येतो' म्हणणार होते, पण जीभ चावली. आता यायचं नव्हतं. "निघतो," ते म्हणाले आणि मागे न बघता फाटकापर्यंत गेले.

बाहेर रस्ता होता. डावीकडे झाडांची रांग, उजवीकडे औषधांचं दुकान. मिस्त्री डावीकडे वळले, चार पावलं गेले, थांबले. मग परत फिरून उजवीकडे पाहत राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दोन्ही बाजू ओळखीच्या होत्या, पण त्यांतली घराकडे जाणारी कुठली ते काही केल्या आठवेना.

मागून पावलं वाजली. कुणीतरी त्यांच्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली.

"अहो," बाई म्हणाल्या.

मिस्त्री वळले. समोरचा चेहरा त्यांनी नीट निरखून पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"तू कशाला आलीस न्यायला? निघालोच होतो मी घरी," ते म्हणाले. "पण आलीस ते बरं झालं. तुला एक सांगायचंय."